उद्दिष्टांची उतरंड संगणकावर

नवे आर्थिक वर्ष किंवा नवी तिमाही सुरू झाली, की माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या बैठकांतून ‘ओकेआर’ हा शब्द हमखास कानी पडतो. ‘ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स’चे हे लघुरूप. मराठीत त्याला ‘उद्दिष्टे आणि मोजता येणारी फलिते’ असे म्हणता येईल. कोठे पोहोचायचे हे साध्या वाक्यात सांगते ते उद्दिष्ट आणि तेथे पोहोचलो की नाही हे ज्या तीन-चार आकड्यांवरून ठरते, ती फलिते. कंपनी, विभाग, गट आणि कर्मचारी अशी या उद्दिष्टांची उतरंड रचून ती सर्वांना दिसेल अशी संगणकावर मांडणारी अनेक सॉफ्टवेअर आज बाजारात आहेत.

कल्पना मात्र संगणकाच्या पडद्याहून जुनी आहे. व्यवस्थापनशास्त्राचे भाष्यकार पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात उद्दिष्टे आणि आत्मनियंत्रण यांच्या आधारे व्यवस्थापन करावे, असे सुचविले. कंपन्यांनी त्यातील उद्दिष्टे तेवढी उचलली. आत्मनियंत्रण बहुतेक ठिकाणी मागेच राहिले. पुढे इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी या पद्धतीला आकड्यांची शिस्त लावली आणि १९८३ मधील ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात ती मांडली.

या शिस्तीचे गाजलेले उदाहरण म्हणजे इंटेलची ‘ऑपरेशन क्रश’ मोहीम. मोटोरोलाच्या ६८००० या चिपपुढे इंटेलची ८०८६ मागे पडू लागली होती. तेव्हा इतर कंपन्यांनी आपल्या यंत्रांसाठी इंटेलची चिप निवडल्याची २००० प्रकरणे १९८० या एका वर्षात मिळवायची, असे ठरले. प्रत्यक्षात सुमारे २५०० मिळाली. आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ८०८६च्याच कुळातील ८०८८ निवडली आणि १९८१ मध्ये तो संगणक बाजारात आला. इंटेलमध्ये ही पद्धत शिकलेले गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती नवख्या गुगलमध्ये नेली. तेथून ती जगभर पसरली.

आकडेमोडीतील खाचखळगे

सॉफ्टवेअरचे काम वरकरणी सोपे आहे. प्रत्येक उद्दिष्ट त्याच्या वरच्या पायरीवरील उद्दिष्टाला जोडलेले असते. फलिताला जबाबदार व्यक्ती, सुरुवातीचा आकडा, अपेक्षित आकडा आणि मुदत नेमून दिलेली असते. आठवड्याला किंवा पंधरवड्याला ताजा आकडा भरला जातो. विक्रीच्या वा तक्रारींच्या नोंदी अन्य प्रणालीत असतील तर तो तेथून आपोआप येतो. खालच्या फलितांची सरासरी वर चढत जाते.

समजा, घरपोच माल देणाऱ्या एका कंपनीला वेळेवर पोहोचणाऱ्या मालाचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर न्यायचे आहे. तिमाहीच्या मध्यावर ते ८६ टक्के झाले. पंधरापैकी सहा टक्क्यांची मजल गाठली, म्हणजे प्रगती ०.४. परंतु ८६ला थेट ९५ने भागले, तर उत्तर येते ०.९! घरगुती एक्सेल तक्त्यांत अशी चूक सहज घडते आणि रखडलेले काम पूर्ण होत आल्यासारखे दिसते. सुरुवातीचा आकडा सक्तीने मागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती टळते.

सरासरीचा चकवा मात्र टळत नाही. तीन विभागांचे गुण १.०, ०.९ आणि ०.२ असतील तर कंपनीच्या खात्यावर ०.७ उमटतात. गुगलच्या पद्धतीत मोठी झेप घेणाऱ्या उद्दिष्टाला ०.६ ते ०.७ गुण मिळणे समाधानकारक मानले जाते, पूर्ण १.० मिळू लागले तर उद्दिष्टच लेचेपेचे होते, असा अर्थ लावतात. त्यामुळे वर बसलेला अधिकारी ०.७ पाहून निर्धास्त होतो आणि तिसरा विभाग बुडत राहतो. ‘नवे ॲप सुरू करणे’ यासारखे निव्वळ काम फलित म्हणून नोंदविले जाते, तेव्हाही सॉफ्टवेअर हरकत घेत नाही. ॲप सुरू होते, रकाना हिरवा होतो. ग्राहक ते वापरतो की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आकडा वरून येतो तेव्हा

उतरंडीत वरचा आकडा खाली वाटून देण्याचा मोह मोठा असतो. निम्म्याच्या आसपास उद्दिष्टे खालून, कर्मचाऱ्यांकडूनच यावीत, असे डोअर सांगतात ते याचसाठी. त्यांचा दुसरा आग्रह असा, की या गुणांचा पगारवाढीशी वा बोनसशी थेट संबंध जोडू नये. तो जोडला की कर्मचारी सहज गाठता येतील असेच आकडे लिहू लागतात.

याहून वाईटही घडते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचा ध्यास घेतला होता. ही ओकेआर पद्धत नव्हती, वरून लादलेला विक्रीचा कोटा होता. पण आकडा शाखेपर्यंत उतरण्याची रीत तीच. ग्राहकांना न विचारता सुमारे २० लाख खाती व क्रेडिट कार्डे काढली गेल्याचा ठपका नियामकांनी २०१६ मध्ये ठेवला, १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि काही वर्षांत मिळून सुमारे ५३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बँकेने सांगितले. नंतरच्या तपासणीत संशयित खात्यांचा आकडा ३५ लाखांवर गेला. नोकरी आधी गेली ती उतरंडीच्या तळाशी असलेल्यांची; मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांनी दंडानंतर महिन्याभराने पद सोडले.

सॉफ्टवेअर निवडणाऱ्या कंपन्यांपुढे आणखी एक व्यावहारिक प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ‘अ‍ॅली डॉट आयओ’ ही कंपनी विकत घेऊन तिच्या प्रणालीला ‘व्हिवा गोल्स’ असे रूप दिले आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी ती सेवा बंद केली. ज्यांची उतरंड तेथे रचलेली होती, त्यांना मुदतीपूर्वी सारी माहिती उतरवून घेऊन नवे घर शोधणे भाग पडले. त्यामुळे करार करताना नोंदी सहज बाहेर काढता येतील का, हे आधी विचारून घेतलेले बरे.