दात्याची आवड आणि संग्रहालयाची भिंत

संग्रहालयात आपण जातो ते बहुधा एक गोष्ट गृहीत धरून. तेथे जे मांडले आहे ते त्या त्या काळातील उत्तम होय, आणि जे नाही ते मांडण्याच्या योग्यतेचे नव्हते. आमच्या मते ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. भिंतीवर दिसते ती काळाची निवड क्वचित. बहुधा ती कोणा दात्याची निवड असते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाणारी संस्था १९२२ साली लोकांसाठी उघडली. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली विकत घेतला गेला आणि त्यातून भारतीय लघुचित्रे आली. पुढे सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मिळाले. त्यांबरोबर युरोपातील तैलचित्रे आणि चीन-जपानची कलाकुसर आली. मुंबईत चिनी मातीची भांडी का, याचे उत्तर शहराच्या इतिहासापेक्षा एका घराण्याच्या आवडीत अधिक सापडते.

औंधास हेच निराळ्या रीतीने घडले. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. म्हणून एका लहानशा संस्थानात, १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात, रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्पही आले. पुण्यास दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी दिवे, अडकित्ते, फण्या असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या. तोवर अडकित्त्याला इतिहास असतो, हे कोणाच्या ध्यानी आले होते?

अमेरिकेतही असेच झाले. बोस्टनच्या संग्रहालयास मॅक्सिम कॅरोलिक या रशियात जन्मलेल्या गायकाने आणि त्याच्या पत्नीने १८१५ ते १८६५ या काळातील अमेरिकन चित्रे दिली. तज्ज्ञांनी अडगळीत टाकलेले चित्रकार त्यामुळे पुन्हा मान्यतेस आले. संग्रहाची सूची १९४९ साली छापली गेली आणि अमेरिकन चित्रकलेचा इतिहास नव्याने मांडावा लागला.

यातून दोन गोष्टी निघतात. दात्याची रसिकता संग्रहालयाची होते, हे खरे. परंतु त्याचे दुर्लक्षही संग्रहालयाचेच होते. ज्याला कोणी दाता लाभला नाही, त्याचा इतिहास रिकाम्या भिंतीवर राहतो.

आमच्या वऱ्हाडाने याचा अनुभव घेतला आहे. कारंज्याच्या जैन भांडारांनी पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, म्हणूनच १९३१ साली पुष्पदंताचा अपभ्रंश ग्रंथ 'जसहरचरिउ' छापला जाऊ शकला. तेथे श्रद्धेने राखले, ते विद्येच्या कामी आले.

आता प्रश्न जुन्या शहराचा. मोर्णेकाठी, असदगडाच्या आसऱ्याला वसलेल्या या वस्तीत जुना वाडा पाडताना माळ्यावरच्या वह्या, मोडी कागद, देवघरातील तसबिरी रद्दीत किंवा मोडीत जातात. टाटांचे धन आपणांपाशी नाही, हे मान्य. केळकरांपाशीही ते नव्हते. परंतु टाकण्यापूर्वी थांबणे, वस्तू कोणाची व कोठची याची चिठ्ठी तिला बांधणे आणि ती जाणत्या हाती देणे, एवढे धनाविना करता येते. आज जे दिले जाणार नाही, ते उद्या अकोल्यात नव्हतेच असे मानले जाईल.