हलके डेस्कटॉप

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता, सरकत्या हालचाली इ. दृश्यपरिणाम वगळून प्रक्रियक व स्मृती यांवरील भार कमी करणारी मांडणी. विंडोज व्हिस्टा (२००७) या प्रणालीतील काचसदृश ‘एरो’ रूपासाठी १ गिगाबाइट मुख्य स्मृती व १२८ मेगाबाइट चित्रस्मृती यांची शिफारस होती. अनेक जुन्या संगणकांना हा भार पेलवत नसे. विंडोज ८ मध्ये (२०१२) खिडक्यांच्या चौकटींची पारदर्शकता काढण्यात आली. लिनक्ससाठी ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये आरंभिलेला एक्सएफसीई व २००६ मधील एलएक्सडीई हे उल्लेखनीय हलके डेस्कटॉप होत. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर, सुस्थितीत असूनही भंगारात जाऊ पाहणाऱ्या संगणकांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वाढले. केवळ दृश्यपरिणाम बंद केल्याने जुन्या प्रणालीचा वेग वाढला, तरी तिची सुरक्षितता वाढत नाही.