शामियान्याच्या पुढचे रान

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या घाटाला लागले, की सावित्रीचे खोरे वळणावळणाने खाली राहू लागते आणि रान अंगाशी येते. पावसाळ्यात तर रस्त्याचा कठडा आणि त्यापलीकडचे धुके यांवाचून काही दिसत नाही. घाटमाथ्यावर वाडा-कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा फुटतो आणि पलीकडे कोयनेच्या उगमाकडचा प्रदेश सुरू होतो. हीच जावळी. हिरडा, जांभूळ, अंजनी आणि त्यांच्या पायाशी माजलेली कारवी. आज इथून मोटारी जातात म्हणून हे रान पुष्कळच माणसाळलेले वाटते; पण एखाद्या वळणावर गाडी थांबवून कारवीत चार पावले टाकून पाहावीत, म्हणजे आपण आलो ती वाट कोणती हे पाचव्या पावलाला सांगवत नाही.

आणि तरीही १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस आपण आठवतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे हे रान येत नाही. येतो तो शामियाना. भरजरी कनाती, उंचापुरा खान, ती मिठी, तो घाव आणि बाहेर आलेला कोथळा. शामियान्याजवळ प्रत्यक्ष हजर असलेली माणसे मोजकीच होती. दोन्ही पक्षांचे दहा-दहा अंगरक्षक, तेही बाणाच्या टप्प्यावर उभे. पण त्या प्रसंगाला त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे प्रेक्षक कधी कमी पडले नाहीत. या प्रेक्षकांविषयी मला लिहावयाचे आहे. खानाविषयी आणि महाराजांविषयी पुष्कळांनी लिहिले. पाहणाऱ्याला काय आवडले आणि त्याने काय पाहण्याचे टाळले, याचाही एक इतिहास आहे.

त्या प्रेक्षकांत पहिला मान जिजाबाईंचा. अज्ञानदास, ज्याला कोणी अगिनदास म्हणतात, त्याने खानाच्या वधाचा पोवाडा रचला आणि त्याबद्दल त्याला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, अशी परंपरा आहे. लक्षात घ्या, ही रचना प्रसंगानंतर फारा दिवसांची नव्हे. ऐकणाऱ्यांत रानातून परत आलेली माणसे असतील, आणि न परतलेल्यांच्या घरचीही असतील. पुढे दोनशेहून अधिक वर्षे तो पोवाडा गोंधळ्यांच्या तोंडी राहिला आणि १८९१ साली अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी आपल्या पोवाड्यांच्या संग्रहात छापला. डफावर थाप पडली की श्रोता कुठे पुढे सरकतो आणि कुठे पान लावू लागतो, हे शाहिराला बरोबर कळते. मिठीचा प्रसंग वाढत गेला असेल तर त्यात शाहिराइतकाच श्रोत्याचा हात आहे.

पोलादपूरचा या कथेशी आणखी एक संबंध आहे, तो घाट चढणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी या गावी आहे. जावळीला तो ‘जयवल्ली’ म्हणतो. त्याच्या वर्णनात महाराजांच्या हाती तलवार आहे. वाघनख आणि बिचवा येतात ते सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर. दोघांतले कोणते खरे, हा पंडितांचा प्रश्न. लोकांनी मात्र केव्हाच निकाल दिला. तलवार कोणाच्याही हातात असते. मुठीत लपणारी, उघड्या तळहातावर अंगठीसारखी दिसणारी नखे ऐकताना अंगावर काटा येतो, म्हणून नखे राहिली आणि तलवार मागे पडली. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून तिकडे गेलेली ही नखे त्याच प्रसंगातील आहेत, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाचेच म्हणणे. तरी लोक पाहावयास आले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. माणसाला कथेचा एक तरी तुकडा डोळ्यांनी पाहावासा वाटतोच.

आता बोलपटाकडे येऊ. भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ काढला, तेव्हापासून पडदाही या कथेचा वाटेकरी झाला. अलीकडे दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचा संकल्प सोडला आणि त्यांतला चौथा, ‘शेर शिवराज’, २२ एप्रिल २०२२ रोजी लागला. या मालिकेची एक गंमत आहे. पहिला ‘फर्जंद’ १६७३ च्या पन्हाळ्याचा, दुसरा ‘फत्तेशिकस्त’ १६६३ च्या लाल महालाचा, तिसरा ‘पावनखिंड’ १६६० चा आणि चौथा १६५९ चा. म्हणजे चित्रपटाचा दर पुढचा भाग इतिहासात मागे मागे जात राहिला! तिकीट काढणाऱ्याला त्याचे काही वाटले नाही. पुण्याच्या ज्या चित्रगृहात मी तो पाहिला, तेथे मुकेश ऋषी यांचा खान पडद्यावर आला तेव्हा मुले आयांना बिलगली आणि चिन्मय मांडलेकर यांच्या महाराजांनी घाव घातला तेव्हा सारे थिएटर उठून घोषणा देऊ लागले. बाहेर पडताना जी मते कानी आली ती मासलेवाईक होती. एका गृहस्थांना रक्त जास्त वाटले. लहान मुलांना आणावयास नको होते, असे ते पत्नीला सांगत होते. दोघा कॉलेजकुमारांना ते कमी वाटले. एक आजीबाई म्हणाल्या, “नरसिंहानं काय वेगळं केलं होतं? ते नाही का आपण कीर्तनात ऐकत?”

माझे एक मामा पोलादपूरकडचे. तेही बरोबर होते. ते जिना उतरेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “खान मेला, झालं. पण खालती पाराला त्याची सगळी फौज बसलेली. तिचं काय झालं, ते विचार की कोणाला!”

प्रश्न मोठा आहे. खान पडला, सय्यद बंडा जिवा महालाच्या हातून पडला (लोकांनी त्यावरून म्हणच केली), संभाजी कावजीने खानाचे शिर कापले, आणि आपला श्रोता इथे सुस्कारा सोडून उठतो. वास्तविक त्या दिवसाचे मोठे काम अजून व्हावयाचे होते. पार गावाजवळ, कोयनेच्या काठी, विजापूरची छावणी पसरली होती. ती वाईहून रडतोंडीच्या घाटाने उतरून आलेली. त्या घाटाचे नावच काय ते सांगते. उंट, हत्ती आणि तोफा तिथून उतरविताना माणसांची काय दशा झाली असेल! परत जावयाचे तर तोच घाट चढावयाचा. आणि चहूंबाजूंच्या झाडीत मोरोपंत पिंगळ्यांचे आणि नेताजी पालकराचे लोक सकाळपासून दबून होते. गडावरून इशारा झाला आणि रान उठले.

मोकळ्या मैदानावर घोडदळाचे जे बळ ते या रानात ओझे होते. घोड्याला वळावयास जागा नाही, हत्तीला वाट नाही, शेजारचा कोण मारला गेला ते कारवीमुळे दिसत नाही. काही दिवसांनी राजापूरच्या इंग्रज वखारीत जी बातमी पोचली तीत मेलेल्यांचा आकडा ३००० होता. शामियान्यात सांडले त्याच्या मानाने हे रक्त किती, ते वाचकांनीच पाहावे. आणि तरी त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावीत नाही. खानाचा मुलगा फाजलखान कोयनेकाठच्या आडवाटेने निसटला, कारण खंडोजी खोपडे या आपल्याच देशमुखाने त्याला वाट दाखविली. त्या खोपड्याचा पुढे एक हात व एक पाय तोडण्यात आला. जीव वाचला तो कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून.

पण याच रानात दुसरेही काही घडले. दाती तृण धरून जे शरण आले, त्यांना मारले नाही. बायका, मुले, ब्राह्मण आणि बाजारबुणगे यांना वाटखर्च देऊन घरी लाविले. खानाला जिथे पडला तिथेच पायथ्याशी पुरले. त्याची कबर तेथे आहे. आपल्या बाजूच्या जखमींना जखम पाहून २५ होनांपासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, विधवांना वेतन बांधून दिले. मला हा भाग वधाइतकाच थरारक वाटतो. ज्या राज्याकडे अजून धड छत्रसिंहासन नव्हते, ते राज्य लढाई संपताच जखमांचा हिशेब करावयास बसले होते.

इतिहासकारांनी तरी हे रान पाहिले काय? पाहिले, पण वाद घातला तो शामियान्यातलाच. ग्रँट डफने दगा महाराजांच्या पदरी घातला. जदुनाथ सरकारांनी सारा पुरावा तोलून पहिला वार खानाचा, असा निर्णय दिला. जवाहरलाल नेहरूंनी आपल्या एका ग्रंथात या वधाविषयी प्रतिकूल शब्द लिहिले आणि महाराष्ट्रातून बोभाटा झाल्यावर ते पुढील आवृत्तीतून काढले. त्याच नेहरूंच्या हस्ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने पसरणीच्या घाटात काळी निशाणे दाखविली. त्या निशाणांमागे राग मुंबईचा होता, पण पुस्तकातील ती जुनी वाक्येही लोक विसरले नव्हते.

आणि चित्र पाहण्याची ही हौस नेहमीच निरुपद्रवी राहिली, असे म्हणता येत नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेला कमानीवरील याच वधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. २०२२ साली पुण्याच्या कोथरुडातील एका मंडळाला याच प्रसंगाच्या जिवंत देखाव्यासाठी पोलिसांनी आधी नकार दिला, मग परवानगी दिली. चित्र काढू नये असे माझे म्हणणे नाही. प्रसंग घडलेला आहे, आणि तो सांगावयाची लाज वाटावी असेही त्यात काही नाही. माझी तक्रार चौकटीविषयी आहे. ती शामियान्याएवढीच का असावी? शरणागताला वाटखर्च मोजून देणारा कारकून एकाही देखाव्यात का उभा नसावा?

या दिवसांत घरोघर अंगणात मुलांचे किल्ले झाले असतील. आळीव पेरून त्याचे रान उगवलेलेही असेल. बाजारात मातीचे मावळे मिळतात, महाराज मिळतात, कोठे कोठे वधाची जोडीही मिळते. मामांनी यंदा आपल्या नातवाच्या प्रतापगडाखाली मुद्दाम एक ओढा काढून दिला आणि त्याच्या काठी काड्यापेटीचे तंबू मांडले. नातवाने विचारले, इथे कोण राहते? मग त्याला सारे सांगावे लागले: पार, रडतोंडी, लपलेले मावळे, पळालेला फाजलखान, परत धाडलेल्या बायका. ऐकता ऐकता अर्धे आळीव त्याने तंबूंच्या भोवती हलविले. लूट किती मिळाली, हेही त्याला हवे होते. बखरीप्रमाणे ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट. एवढ्या घोड्यांचे केले काय, असे त्याने विचारले, तेव्हा मामा माझ्याकडे पाहू लागले.

ते मला ठाऊक होते. घोडे उभे राहिले नाहीत. फौज वाईवरून कोल्हापुराकडे दौडत गेली आणि वधानंतर अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा घेतला.