ख्रिश्चन मिशन फॉर द डेफ

ख्रिश्चन मिशन फॉर द डेफ ही आफ्रिका खंडातील बधिर व्यक्तींमध्ये शिक्षणाचे व ख्रिस्ती धर्मप्रसाराचे कार्य करणारी अमेरिकन संस्था आहे. अँड्र्यू जॅक्सन फॉस्टर (२७ जून, १९२५ - ३ डिसेंबर, १९८७) या कृष्णवर्णीय अमेरिकन बधिर मिशनऱ्याने १९५६ साली तिची स्थापना केली. स्थापनेच्या वेळी तिचे नाव 'ख्रिश्चन मिशन फॉर डेफ आफ्रिकन्स' असे होते. फॉस्टर यांच्या हयातीत या मिशनच्या प्रयत्नांतून आफ्रिकेतील १३ देशांत बधिरांसाठी ३१ शाळा सुरू झाल्याचे मानले जाते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अनेक देशांच्या आजच्या सांकेतिक भाषांवर या शाळांचा खोल प्रभाव आहे.

पार्श्वभूमी

बधिरांचे शिक्षण आणि ख्रिस्ती धर्मसंस्था यांचा संबंध जुना आहे. स्पेनमधील पेद्रो पॉन्से दे लिऑन या बेनेडिक्टाइन साधूने सोळाव्या शतकात बधिर मुलांना शिकवले. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूने खुणांच्या साहाय्याने शिकवणारी सार्वजनिक शाळा चालवली. १८१७ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट हे धर्मोपदेशक आणि लोराँ क्लेर्क हे बधिर फ्रेंच शिक्षक यांनी शाळा काढली. तेथून अमेरिकन सांकेतिक भाषेच्या विकासाला चालना मिळाली.

१८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतीचा, म्हणजे ओष्ठवाचन व उच्चार यांवर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केला. त्यानंतर अनेक देशांतील वर्गांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली. दक्षिण आफ्रिकेत डॉमिनिकन जोगिणींनी १८६३ सालीच केपटाऊन येथे बधिरांची शाळा सुरू केली होती. मात्र सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक वसाहतींत १९५० च्या दशकापर्यंत बधिर मुलांसाठी शाळाच नव्हत्या.

संस्थापक

फॉस्टर यांचा जन्म अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमजवळच्या एन्सली येथे झाला. त्यांचे वडील कोळसा खाणकामगार होते. वयाच्या अकराव्या वर्षी फॉस्टर यांना व त्यांच्या भावाला मेंदूच्या आवरणाचा दाह (मेनिंजायटिस) झाला आणि दोघांचीही श्रवणशक्ती गेली. तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू असल्यामुळे त्यांना टॅलाडेगा येथील कृष्णवर्णीय बधिर व अंध मुलांच्या स्वतंत्र शाळेत घालण्यात आले. या शाळेत सहाव्या इयत्तेपलीकडे शिक्षणाची सोय नव्हती.

किशोरवयात ते मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहरी गेले. तेथे नोकरी करीत त्यांनी पत्रद्वारा माध्यमिक शिक्षण पूर्ण केले. याच काळात ते ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळले आणि आफ्रिकेतील बधिरांसाठी काम करण्याचा विचार त्यांच्या मनात रुजला. वॉशिंग्टन येथील गॅलोडेट महाविद्यालयाने कृष्णवर्णीय असल्याच्या कारणावरून त्यांचे अर्ज आधी नाकारले होते. १९५१ साली अखेर त्यांना प्रवेश मिळाला. त्या वेळी गॅलोडेटच्या आवारातील केंडल शाळेत शहरातील कृष्णवर्णीय बधिर मुलांना प्रवेश नव्हता. ही मुले शिक्षणासाठी शहराबाहेर पाठवली जात. १९५२ साली एका बधिर मुलाच्या आईने लढवलेल्या खटल्याच्या निकालानंतर ही प्रथा मोडली.

१९५४ साली फॉस्टर पदवीधर झाले. गॅलोडेटची पदवी मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन म्हणून ते ओळखले जातात. त्यानंतर त्यांनी मिशिगनमध्ये शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि सिॲटल येथे ख्रिस्ती मिशनकार्याची पदवी घेतली.

स्थापना व घानातील कार्य

मिशनची स्थापना केल्यानंतर फॉस्टर १९५७ साली अक्रा येथे पोहोचले. त्याच वर्षी ६ मार्च रोजी घाना स्वतंत्र झाला होता. या देशात बधिर मुलांसाठी एकही शाळा नव्हती. अनेक कुटुंबांत बहिरेपणाकडे दैवी कोप किंवा शाप म्हणून पाहिले जाई आणि अशी मुले घरातच लपवून ठेवली जात. ती शिकू शकतात, यावर पालकांचा विश्वास बसत नसे. स्वतः बधिर असलेला, दोन-तीन पदव्या मिळवलेला कृष्णवर्णीय शिक्षक समोर उभा राहणे हाच या समजुतीला मोठा छेद होता.

प्रारंभी एका शाळेची इमारत तेथील नेहमीचे वर्ग सुटल्यानंतर वापरून अध्यापन सुरू झाले. मुलांबरोबर प्रौढ बधिरही शिकण्यासाठी येत. पुढे अक्राच्या उत्तरेकडील मॅम्पाँग-आक्वापेम या डोंगराळ भागातील गावी निवासी शाळा उभी राहिली. कालांतराने घाना सरकारने ती आपल्या शिक्षणव्यवस्थेत सामावून घेतली.

१९५९ साली जर्मनीतील वीसबाडेन येथे जागतिक बधिर परिषद भरली होती. तेथे फॉस्टर यांची बेर्टा त्सुटर या जर्मन बधिर महिलेशी ओळख झाली. १९६१ साली त्यांचा विवाह झाला. बेर्टा फॉस्टर यांनी मिशनच्या कार्यात आयुष्यभर भाग घेतला.

विस्तार

घानानंतर मिशनने नायजेरियात काम सुरू केले. १९६० साली इबादान येथे शाळा निघाली. त्यापाठोपाठ कादुना व एनुगु येथेही शाळा सुरू झाल्या. इबादान पुढे मिशनच्या कार्याचे व शिक्षक-प्रशिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र बनले.

१९७० च्या दशकात मिशनने फ्रेंच भाषक देशांकडे मोर्चा वळवला. १९७४ साली आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे शाळा स्थापन झाली. टोगो, बेनिन, चाड, कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, झाईर (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) आदी देशांतही हे कार्य पोहोचले.

कार्यपद्धती

शाळा, रविवारचे बायबल वर्ग आणि बधिरांची उपासना मंडळे ही मिशनच्या कामाची तीन अंगे होती. बहुधा एकाच जागेत ती एकत्र चालत. फॉस्टर वर्षातील काही महिने आफ्रिकेत घालवीत आणि उरलेल्या काळात अमेरिकेतील चर्च व बधिर संघटनांपुढे व्याख्याने देऊन निधी जमवीत.

अध्यापनात 'संपूर्ण संप्रेषण' ही पद्धती वापरली जाई. खुणा, बोटांनी दाखवलेली मुळाक्षरे, लेखन, ओष्ठवाचन आणि शक्य असल्यास उच्चार या सर्वांचा तीत समावेश होता. युरोप-अमेरिकेतील अनेक शाळांत अजून मौखिक पद्धतीचा आग्रह असताना मिशनने खुणांना वर्गात स्थान दिले. शिकून तयार झालेल्या बधिर तरुणांनाच प्रशिक्षण देऊन नव्या शाळांची जबाबदारी सोपवणे हे या कामाचे दुसरे वैशिष्ट्य होते. त्यामुळे बधिर शिक्षकांची एक पिढी आफ्रिकेतच घडली.

भाषिक प्रभाव आणि टीका

मिशनच्या शाळांत अमेरिकन सांकेतिक भाषेतील खुणा शिकवल्या जात. घाना व नायजेरियाच्या आजच्या सांकेतिक भाषा त्यांतूनच विकसित झाल्या. फ्रेंच भाषक देशांत याच खुणांची फ्रेंच लेखन व ओठांच्या हालचालींशी सांगड घातली गेली आणि 'फ्रेंच भाषक आफ्रिकेची सांकेतिक भाषा' या नावाने ओळखले जाणारे रूप तयार झाले. त्यातील काही खुणांत इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे टिकून राहिली.

या प्रभावाबाबत अभ्यासकांनी आक्षेपही नोंदवले आहेत. शाळा निघण्यापूर्वीही आफ्रिकेत खुणांच्या स्वतंत्र भाषा होत्या. घानातील आदामोरोबे या गावात आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण मोठे असल्याने बधिर व ऐकू येणारे ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या एक स्थानिक सांकेतिक भाषा वापरत आले आहेत. उत्तर नायजेरियातील हौसा समाजातही अशी भाषा आहे. मिशनच्या शाळांत या भाषांना स्थान मिळाले नाही. शालेय शिक्षणाबरोबर आलेल्या भाषेची प्रतिष्ठा वाढत गेल्याने आदामोरोबेची भाषा आज लोप पावण्याच्या मार्गावर असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

दुसरीकडे, विखुरलेल्या व एकमेकांना अपरिचित असलेल्या बधिर मुलांना याच शाळांमुळे एक सामाईक भाषा मिळाली, हेही नमूद केले जाते. तिच्या आधारे बधिरांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि देशोदेशींच्या बधिरांना परस्परांशी संवाद साधता आला. स्थानिक भाषांची हानी आणि नव्या समाजाची जडणघडण या दोन्ही गोष्टी एकाच प्रक्रियेतून घडल्या असल्याने मिशनच्या कार्याचे मूल्यमापन एकांगी करता येत नाही.

फॉस्टर यांचा मृत्यू आणि नंतरचा काळ

३ डिसेंबर, १९८७ रोजी केनियाकडे जात असताना रवांडातील गिसेन्यी शहराजवळ झालेल्या विमान अपघातात फॉस्टर यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पश्चात बेर्टा फॉस्टर व सहकाऱ्यांनी मिशनचे काम पुढे चालवले. तोवर काही शाळा सरकारांकडे, तर काही स्थानिक चर्च व संघटनांकडे गेल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच शाळा मिशनचेच माजी विद्यार्थी चालवत असल्याने संस्थापकाच्या मृत्यूनंतरही त्या टिकून राहिल्या.

सन्मान

गॅलोडेट महाविद्यालयाने १९७० साली फॉस्टर यांना मानद डॉक्टरेट दिली. २००४ साली गॅलोडेट विद्यापीठातील एका सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. एकेकाळी वर्णावरून त्यांना प्रवेश नाकारणारी ती हीच संस्था होय. 'आफ्रिकेतील बधिर शिक्षणाचे जनक' असा त्यांचा उल्लेख केला जातो.