देवडीवरचा सेवक

श्रोतेहो, जन्मभर शाळेंत इतिहास शिकविलेल्या माणसाच्या तोंडून आज तुम्ही संगणकाची गोष्ट ऐकणार आहां. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां शास्त्र शिकविण्याचा आव मी आणीत नाहीं. परंतु ज्या रचनेवर आज जगाचा पत्रव्यवहार व व्यापार चालतो, तिलाही इतिहास आहे. आणि इतिहास म्हटला कीं त्यांत माणसांचे विश्वास व भ्रमनिरास आलेच.

जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. दिंडी दरवाजाच्या आंत देवडी आणि देवडीवर एक सेवक. आल्यागेल्याची चाहूल घ्यावी, पाहुण्यास कारकुनाच्या स्वाधीन करावें आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन बसावें, एवढेंच त्याचें काम. तोच जर पहिल्या पाहुण्याशीं गप्पांत रमला, तर दुसरा दाराशीं ताटकळत राहील. सर्व्हर म्हणून जें यंत्र ओळखलें जातें, त्याच्या दाराची मांडणी अशीच आहे.

१९७४ सालच्या मे महिन्यांत विंट सर्फ व रॉबर्ट कान या दोन अमेरिकन पंडितांनीं, निरनिराळ्या जाळ्यांतील यंत्रांनीं परस्परांशीं कसें बोलावें, याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतूनच टीसीपी नांवाचा संकेत विकसित झाला. १९८१ च्या सप्टेंबरांत जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखालीं त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेट या अमेरिकन सरकारी जाळ्यानें जुना संकेत टाकून हा नवा स्वीकारला. परंतु संकेत ठरला म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याची सोय होते असें नाहीं. ती सोय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं केली. ऑगस्ट १९८३ मध्यें त्यांनीं युनिक्स प्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ति बाहेर काढली. तिच्यांत सॉकेट नांवाची योजना होती.

पुतण्यानें आपल्या यंत्रावर या योजनेंतील चार आज्ञा मला दाखविल्या. पहिली 'सॉकेट'. हिनें बोलण्याचें साधन मागून घ्यावयाचें. प्रणाली त्याची खूण म्हणून एक लहानसा अंक हातीं ठेवते. दुसरी 'बाइंड'. हिनें त्या साधनास पत्ता व दाराचा क्रमांक जोडावयाचा. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. संकेतस्थळांसाठीं ८० हा नेमलेला आहे. तिसरी 'लिसन'. येथें आपला सेवक देवडीवर बसला. खोळंबलेल्यांची रांग किती लांब चालेल, तेंही याच वेळीं सांगावयाचें. चौथी 'अॅक्सेप्ट'. रांगेंतील पहिला पाहुणा हिनें आंत घ्यावयाचा. मौज अशी कीं, ही आज्ञा देवडीवरचें साधन पाहुण्यास देत नाहीं. त्याच्यासाठीं नवेंच सॉकेट निर्माण करते, आणि पुढचें सारें वाचणें-लिहिणें त्यावर चालतें. मूळचें साधन केवळ ऐकत राहतें. पाहुण्याशीं संभाषण तें कधींच करीत नाहीं. एकाच दारानें हजारों लोकांस सेवा मिळते, याचें रहस्य हेंच.

आतां पाहुणा रांगेंत कसा येतो तें पाहूं. प्रथम तो विचारतो, "येऊं का?" आणि सोबत आपला एक अंक देतो. सर्व्हर उत्तर करतो, "तुमचा अंक पोंचला, हा घ्या माझा." पाहुणा तिसऱ्यांदा म्हणतो, "तुमचाही पोंचला." ही तिहेरी बोलणी संपली म्हणजे जोडणी पक्की झाली. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या बोलण्याच्या मध्यें सर्व्हरला त्या अर्धवट पाहुण्याची नोंद ठेवून वाट पाहावी लागे. बर्कलेच्या त्या आवृत्तींत रांगेची मर्यादा अवघी पांच होती, आणि अशा अर्धवट पाहुण्यांचीही गणना तींत होत असे.

हें कोणास खटकलें नाहीं, कारण त्या काळीं जाळ्यावर विद्यापीठें, संशोधनसंस्था आणि लष्करी कचेऱ्या यांचींच यंत्रें होतीं. १०२४ च्या खालील क्रमांकाचें दार केवळ यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकासच उघडतां यावें, असा बर्कलेचा शिरस्ता होता. व्यवस्थापक म्हणजे भला माणूस, हें त्यांत गृहीतच होतें. ओळखीच्या लोकांनीं ओळखीच्या लोकांसाठीं बांधलेला तो वाडा होता.

पुढें गांव वाढलें. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य नागरिकांस हें जाळें खुलें केलें. नव्या अनोळखी पाहुण्यांत आपणही होतों. सारेच पाहुणे मात्र सद्‌हेतूनें येत नव्हते. सप्टेंबर १९९६ मध्यें न्यूयॉर्क येथील पॅनिक्स या जाळें पुरविणाऱ्या कंपनीवर विलक्षण हल्ला झाला. कोणी कुलूप फोडलें नाहीं, कांहीं चोरलें नाहीं. खोटे पत्ते देऊन "येऊं का?" एवढेंच कोणी अखंड विचारीत राहिला. सर्व्हर प्रत्येकास उत्तर देई, नोंद ठेवी आणि तिसऱ्या बोलण्याची वाट पाही; तें कधींच येत नसे. रांग भरून गेली आणि खरे पाहुणे दारांतून परतले. सौजन्यच शस्त्र म्हणून उलटलें.

दार लावून घेणें सोपें होतें. पण दार लावलेला सर्व्हर कोणाच्या कामाचा? त्याच महिन्यांत डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञानें निराळा मार्ग सुचविला. रांग भरली म्हणजे अर्धवट पाहुण्याची नोंदच ठेवूं नये. त्याचा पत्ता आणि आपलें गुपित यांवरून एक अंक काढावा व तोच उत्तरांत धाडावा. पाहुणा खरा असेल तर तिसऱ्या बोलण्यांत तो अंक एकानें वाढवून परत आणील. खोट्या पत्त्याच्या आड लपलेल्याला तो दिसणारच नाहीं. अंक जुळला कीं त्याला आंत घ्यावें. म्हणजे स्मरणाचें ओझें यजमानाच्या डोक्यावरून पाहुण्याच्या हातीं गेलें.

श्रोतेहो, बर्कलेच्या त्या चार आज्ञा चाळीस वर्षांनंतर आजही त्याच नांवांनीं वापरांत आहेत. बदलली ती केवळ विश्वास टाकण्याची वेळ. देवडी उघडी आहे, सेवक ऐकत बसला आहे; मात्र पाहुणा दुसऱ्यांदा बोलेपर्यंत त्याच्यासाठीं पाट मांडावयाचा कीं नाहीं, हें तो गर्दी पाहून ठरवितो. अनोळखी माणसाला दार बंद न करतां सावध कसें राहावें, हा प्रश्न यंत्रांपूर्वींही आपल्यापुढें होता. त्याचें एक उत्तर यंत्रांच्या इतिहासांत सांपडावें, याचें मला तरी समाधान वाटतें.