एकाच मॉड्यूलची अनेक कामे
अॅनालॉग मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक मॉड्यूलचे काम त्याच्या परिपथानेच ठरलेले असते. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली बसवलेला मूग सिंथेसायझर याच जातीचा. पुन्हा प्रोग्राम करता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये मात्र मायक्रोकंट्रोलर असतो. आलेला विद्युतदाब तो अंकांत मोजतो, आज्ञावलीनुसार गणित करतो आणि उत्तर पुन्हा विद्युतदाबाच्या रूपात देतो. एका सप्तकाला एक व्होल्ट, हा त्यातील रूढ संकेत. बारा समान अंतरांच्या चौकटीत रागांतील श्रुतिभेद सामावत नाहीत. आज्ञावलीतील स्वरकोष्टक बदलले, की तेच मॉड्यूल यमन किंवा मारव्याच्या स्वरांवर स्थिरावते. ‘म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स’च्या ‘ब्रेड्स’मध्ये अशी कोष्टके असून त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. मींड घ्यायची तर मात्र कोष्टक बाजूला ठेवून विद्युतदाब अखंड सरकवावा लागतो.