विहार बांधून झाला, दप्तराचे काय?

वर्धापनदिन आला की आपण विहाराला रंग देतो, पताका लावतो, स्मरणिका काढतो. वडीलधारी मंडळी जुन्या दिवसांच्या आठवणी सांगतात. पण जागेच्या हद्दीचा प्रश्न निघाला, किंवा कुणाच्या आजीने बांधकामाला काय दिलं होतं असं नातवानं विचारलं, की कपाटं उघडली जातात आणि नेमका तोच कागद सापडत नाही. विश्रामबागेत काय किंवा इतर ठिकाणी काय, बऱ्याच विहारांची हीच गत आहे. म्हणून यंदा आम्ही बांधकामाच्या नोंदींचा इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा इतिहास आपल्या शेजारीच आहे. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यात, गोपाळाचा मुलगा संघमित्र याने ते दान दिले, असा छोटा लेख आहे. एवढी एक ओळ कोरली म्हणून बापलेकांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात तर कामाची वाटणीच वाचायला मिळते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे तिथे नोंदवले आहे. खांबांवर ते देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. दाराचे काम करणारा सुतार सामी, त्याचेही नाव आहे. श्रेष्ठी आणि सुतार, दोघेही एकाच दप्तरात!

सर्वांत पक्के दप्तर सापडते ते नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत. सुमारे 1900 वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणे दिले आणि भिक्खूंसाठी 3000 कार्षापण कायमचे ठेवले. त्यांतील 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण ठरले. आता हिशेब करून पाहा: 2000 वर वर्षाचे व्याज 240 आणि 20 गुणिले 12 म्हणजेही 240. इतक्या वर्षांनी आपण घरबसल्या ऑडिट करू शकतो! शिवाय हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे नोंदणीच्या फलकावर चढवले, असेही लेखात म्हटले आहे. म्हणजे दगडावर एक प्रत, दप्तरात दुसरी, आणि चारचौघांच्या कानांवरही घातलेले.

बदल झाला तर काय करायचे, हेही तिथेच दिसते. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भिक्खूंना जमीन दिली. चोविसाव्या वर्षापर्यंत ते गाव ओस पडले, शेत कुणी कसेना. तेव्हा तिच्या ऐवजी दुसरी 100 निवर्तने जमीन दिली आणि कारणासकट नवी नोंद कोरली. जुना लेख कुणी खरवडला नाही. दोन्ही आहेत, म्हणून काय घडलं ते आपल्याला कळतं.

तिथल्याच आणखी एका लेण्याची गोष्ट आमच्या मनाला फार भिडली. बोपकी नावाच्या भिक्खूने काम सुरू केले, पण ते बरीच वर्षे अर्धवट पडून राहिले. यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले. श्रेय सगळे तिलाच घेता आले असते. पण लेखात आरंभ करणाऱ्याचेही नाव आहे.

आता आपल्याकडे या. गिलावा झाला, पंखे बसले, उद्घाटन झालं, की काम संपलं असं आपण समजतो. खरं तर त्याच आठवड्यात सगळी कागदं एका जागी आली पाहिजेत. खरेदीखत किंवा बक्षीसपत्र, मोजणीचा नकाशा, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र. पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, मजुरीची व्हाउचरं, सिमेंट-सळईची बिलं. पाया किती खोल, सळई किती मिलिमीटरची, वायर आणि पाईप कोणत्या भिंतीतून, हे नकाशावर प्रत्यक्ष झालं तसं लिहून घ्यावं. आणि श्रमदानाची वही! ज्या मायबहिणींनी दिवसभर मजुरी करून संध्याकाळी विटा वाहिल्या, त्यांना पावती कुणी दिली? त्यांची नावे वहीत नसतील तर कुठेच नसतील.

विहाराचा ट्रस्ट असेल तर स्थावर मिळकतीतील बदल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. तेही राहून जातं आणि पुढच्या पिढीला हेलपाटे पडतात.

2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी सांगलीकरांना भिजलेल्या कागदाची किंमत शिकवली आहे. तेव्हा मूळ कागद उंचावरच्या लोखंडी कपाटात, झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या घरी, आणि मोबाईलवर काढलेले फोटो दोघातिघांकडे असावेत. कपाटाच्या दारावर आतल्या कागदांची यादी चिकटवावी. कार्यकारिणी बदलली की ही यादी वाचून, सह्या करून दप्तर नव्यांच्या हाती द्यावं.

धम्मबांधवांनो, आपल्या घरच्या ट्रंकेत जुन्या पावत्या, फोटो, बिलं असतील तर विहारात आणून दाखवा. आम्ही झेरॉक्स काढून मूळ प्रत परत देऊ. ज्यांना विटा वाहिलेल्यांची नावे आठवतात अशी माणसं आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला एक रविवार पुरे.

जयभीम!